कुंची कुणाची

परवा सकाळी तोंड धुवायला ओट्यावर आलो, तर आमची गल्ली बंद. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या सुताचा ताणा ओढलेला, मधेमधे बांबूच्या घोड्या, आणि दोन्ही बाजूंनी माणसं हातभर लांब कुंचे घेऊन सुताला खळ पाजत मागंपुढं चाललेली. पांजणी म्हणतात तिला. मागावर चढण्याआधी उभ्या सुताला अंग यावं म्हणून हा खुराक असतो. ओल्या सुतावर कोवळं ऊन पडलं की गल्लीच्या मापाची वीणा कुणीतरी आणून आडवी ठेवलीय असं वाटतं. पावसाळ्यात हे काम होत नाही, आणि उन्हाळ्यात सूत वाळून तटातट तुटतं. म्हणून गल्ली बंद झाली की थंडी आली असं आम्ही धरतो. पंचांग मागाहून बघतो.

खळ ज्वारीच्या पिठाची. तिच्या वासाला धड अन्नाचा म्हणता येत नाही, धड कपड्याचा म्हणता येत नाही. हा वास आला की माझ्या पोटात दोन गोष्टी एकदम होतात, मळमळ आणि मत्सर. मळमळीचं कारण पुढं येईलच. मत्सर आधी सांगतो, कारण तो आधीचा आहे आणि अजून ओसरलेला नाही. ज्या बाईचा मी मत्सर करतो ती परवा त्याच वेळी माझ्या ओट्यासमोर खळीचं मडकं घेऊन उभी होती आणि मला विचारत होती, मास्तर, चहा झाला का.

ती नरसम्मा. आमची तिची एक भिंत सामाईक. तिचा नवरा राजय्या सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि दिवे लागायला पाय वर घेतो. त्याच्या वाटचं बोलणं नरसम्माच बोलते. दोन्ही नाकपुड्यांत चमकी, आणि आवाज मागाच्या खटखटीवरून पलीकडं जाईल एवढा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि रागावली की दोन्ही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिकवतो म्हणजे फळ्यावर मडकं काढतो आणि चाळीस मुलं चाळीस प्रकारचे भोपळे काढतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली मला खारीचं एक पिल्लू सापडलं, डोळेही न उघडलेलं. मी ते उचललं तेव्हा माझ्या मनात भूतदया होती असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. खरं असं की खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला फार नाजूक चालतो आणि बाजारातला मला परवडत नव्हता. घरचं जनावर, घरचा कुंचला, असा तो हिशेब. म्हणून नावही कुंची ठेवलं. पुढच्या आठ वर्षांत तिच्या शेपटीचा एकही केस कापायचा मला धीर झाला नाही, आणि तिनं मात्र माझे तीन चांगले कुंचले दांड्यासकट फस्त केले.

माझ्या कोटाच्या डाव्या खिशात ती राहायची. मी आरशात दाढी करायला लागलो की खांद्यावर येऊन दुसऱ्या खारीकडं बघायची. शेंगा मी तिला सोलून द्यायचो. नुसत्या सोलून नव्हे, लाल साल काढून, भिजवून, दोन दाळी वेगळ्या करून. आमची सौभाग्यवती म्हणायची, हिला आता चावूनही द्या. मला ते कौतुक वाटायचं.

तिच्या आठव्या थंडीत, संक्रांतीच्या आधी, कुंचीनं खाणं सोडलं. मागचे पाय ओढायला लागली. एका डोळ्यावर दुधाचा थेंब सांडावा तशी साय आली. तिला टोपीत घालून मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं रांगेत माझ्या पुढं दोन खिलारी बैल आणि मागं एक म्हैस. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी माझ्या मागं बघितलं, जनावर बाहेर उभं केलंय असं समजून. मग मी टोपी पुढं केली. माणूस भला होता, हसला नाही. म्हशीचा मालक हसला.

डॉक्टरांनी तिचा जबडा उघडून दाखवला. पुढचे दात वाढून, वळून, खालचे टाळूला टेकायला आलेले. खारीचे दात जन्मभर वाढतात म्हणे, टणक कुरतडून झिजवावे लागतात. "हिला एवढं मऊ कोण चारत होतं?" त्यांनी विचारलं. बैलवाले, म्हैसवाले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघून म्हटलं, "आमच्या घरी जरा लाडच फार." आठ वर्षांचं पाप मी एका वाक्यात बायकोच्या नावावर केलं. डॉक्टर म्हणाले, दात कापता येतील, पण माझे चिमटे बैलाच्या मापाचे. आणि वय काही कापता येत नाही, तेव्हा थोडे दिवस समजा.

दात कापले नरसम्मानं. मला ते धाडस झालं नाही, मी हात कोटाच्या खिशांत घातले. कुंचला धरणारे हात म्हणून मी त्यांचा फार अभिमान बाळगत असे. सूत कापायची इवलीशी कात्री तिनं चुलीत तापवून घेतली, राजय्यानं मागावरून पाय वर घेतले, कुंचीला दोन बोटांत धरलं, आणि कट, कट. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. वळून बघतो तो कुंची नरसम्माच्या मांडीवर.

तिथून ती काही उठली नाही.

मी अकरा ते पाच शाळेत. घरी सौभाग्यवतीनं साफ सांगितलं, माझ्या हातात असताना काही झालं तर जन्मभर मला ऐकावं लागेल, मी नाही बाई. त्या बोलण्यात तथ्य होतं हे मला त्याही वेळी कळत होतं. नरसम्माकडं दिवसभर चूल धगधगती, खळ शिजत असायची, त्यामुळं खोलीत ऊब. सूत गुंडाळलेल्या कांड्या ठेवायच्या टोपलीत तिनं सुताच्या गुंतवळीचं घरटं केलं आणि टोपली मागाच्या खड्ड्याजवळ, राजय्याच्या गुडघ्याशी ठेवली. "उडुता म्हातारी झाली मास्तर," ती म्हणाली. तेलुगूत खारीला तसंच म्हणतात. "म्हाताऱ्याला शेंगा कशाला? पेज पायजे. तुमी जावा की शाळंला."

संध्याकाळी शाळेतून थेट तिकडं गेलो. नरसम्मानं शिजत्या मडक्यातून वाटीभर खळ काढून निवत ठेवली होती. तिनं त्यात करंगळी बुडवून कुंचीपुढं धरली. आणि चार दिवस माझ्या हातचं काहीही, अगदी खडीसाखरेचं पाणीसुद्धा न घेतलेली कुंची त्या बोटाला दोन्ही पंजांनी धरून चाटायला लागली. डोळे मिटून. आंधळा डोळासुद्धा मिटून.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, मी इतक्या आत बघितलं नाही. मला फक्त ते दोन पंजे दिसत होते. आठ वर्षं ते पंजे माझ्या अंगठ्याला धरत आले होते. मी पुढं होऊन वाटीत बोट बुडवलं आणि धरलं. कुंचीनं हुंगलं, आणि मान फिरवली. तेच मडकं, तीच वाटी, तीच खळ. "खडूचा वास येतोय वो तुमच्या हाताला," नरसम्मा म्हणाली. तिनं समजुतीनं सांगितलं. तेच मला झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतून येताना आडावर थांबून हात चिंचेनं घासू लागलो. एके दिवशी शिकेकाईनं. हेडमास्तरांनी विचारलं, हाताला काही झालंय का. मी नरसम्मासारखं बोलूनही बघितलं. ती कुंचीला बोलवायची, "रा तल्ली, रा," म्हणजे ये बाई, ये. मी न्हाणीघरात दार लावून तो स्वर साधायचा सराव करत होतो. बाहेर सौभाग्यवती हंडा घेऊन उभी आहे हे मला तिच्या हसण्यानं कळलं.

त्याच आठवड्यात मोडनिंबच्या बाजूला एका स्नेह्याच्या रानात हुरड्याचं बोलावणं होतं. दरवर्षी जायचो. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारली की हिरवे दाणे राहतात, ऊन ऊन, दुधाळ. तोंडात टाकायचे, वर लसणाची चटणी. ते दाणे माझ्या तोंडात होते आणि मी मनात ठरवत होतो, एवढा कोवळा घास कुंची नाकारणार नाही. एक पसा दाणे धुतल्या रुमालात बांधून, कोटाच्या डाव्या खिशात, तिच्या जागी घालून, लोक चुलीवरच्या वांग्यांची वाट बघत असतानाच मी निघालो. घरी येईतो दाणे गार. कुंचीनं पाहिलंसुद्धा नाही. मग नरसम्मानं ते पाट्यावर ठेचले, खळीत कालवले, बोटाला लावले, आणि माझा हुरडा कुंचीनं तिच्या हातून खाल्ला. नरसम्मा मला म्हणाली, मास्तरांनी लई चांगला आणलाय. त्या बाईचा हाच दोष होता की तिच्यात दोष सापडत नव्हता.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोनं पान वाढलं, उचललं, आणि उचलता उचलता म्हणाली, "अहो, मागल्या साली मला बावीस दिवस ताप होता. तुम्ही चिंचेनं हात घासून आला होता का कधी?"

ते वाक्य मी इथं असंच ठेवतो.

एवढं ऐकूनही शहाणपण आलं नाही. उलट एकच ध्यास लागला. कुंची जाणार हे ठरलेलं होतं. दिवसेंदिवस ती हलकी होत होती, टोपली उचलली तर नुसतं सूत उचलल्यासारखं वाटायचं. पण जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, तिनं माझ्या हातचं खावं. नरसम्मा समोर नसताना खावं. माझ्या मते सगळी चूक प्रेक्षकांची होती. दुसरी बाई शेजारी असताना कोण आपल्या माणसाला ओळख दाखवतं?

मग तो पांजणीचा दिवस आला. परवासारखाच. गल्ली बंद, राजय्या आणि नरसम्मा दोन टोकांना, मधे त्यांच्या तीन आठवड्यांच्या कामाचा ताणा. खळीचं मोठं मडकं त्यांच्या उंबऱ्याशी. मी रंगाची एक बशी स्वच्छ धुऊन घेतली. नरसम्माची पाठ फिरली तसं मडक्यातून बशीभर खळ उचलली, घरात शिरून टोपलीतून कुंचीला उचललं आणि आमच्या माजघरात आणून दार लोटलं. स्वतःच्याच खारीची चोरी करणारा मी पेठेतला पहिला इसम असेन.

खळ कोमट होती, लुसलुशीत होती, आणि तिच्यात हलकी आसमानी झाक होती. ती झाक माझ्या लक्षात आली हे मुद्दाम सांगतो. चित्रकलेचा शिक्षक आहे मी. पांढऱ्यात निळ्याचा थेंब पडला की पांढरा कसा उजळतो हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. मला वाटलं, वा.

बोट बुडवलं, कुंचीपुढं धरलं. तिनं हुंगलं आणि मान फिरवली. मी फुंकर मारली, पुन्हा धरलं. पुन्हा मान फिरवली, आणि या खेपेला दोन्ही पंजांनी माझं बोट मागं ढकललं. एवढं बळ तिच्यात कुठून आलं कोण जाणे. मग मी, लहान पोरांना करून दाखवतात तसं, बोट स्वतःच्या तोंडात घातलं. जीभ आक्रसली. पण चेहरा हसरा ठेवला. "बघ, किती छान," म्हणत दुसरं बोट, तिसरं बोट, मिटक्या मारत. चव तांब्याच्या भांड्यात विसरलेल्या ताकासारखी. कुंची एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होती. आठ वर्षांत तिनं माझ्याकडं इतक्या लक्षपूर्वक कधी बघितलं नव्हतं, म्हणून मी आणखी दोन बोटं चाटली.

पाच मिनिटांत पोटात कुणीतरी मूठ आवळली. मी दार उघडून मोरीकडं जायच्या ऐवजी बाहेर धावलो, ओट्यावरून उतरलो, आणि पोट धरून सरळ ताण्यावर पालथा पडलो. सूत तुटताना आवाज करतं. एक धागा तुटला तर ऐकू येत नाही, शंभर तुटले की खमीस फाटल्यासारखं ऐकू येतं. त्यानंतर मी काय केलं ते सभ्य माणसांच्या वाचनात येऊ नये.

सगळी गल्ली गोळा झाली. नरसम्मा धावत आली, तिनं माझं तोंड पाहिलं, ओठांवरची खळ पाहिली, आमच्या उघड्या दारातून बशी पाहिली, आणि तिला सगळं समजलं.

"मास्तर, मडक्यातली खाल्ली व्हय? त्यात मोरचूद घातलाय. सुताला मुंगी-किडा लागू नये म्हणून घालतो आमी." मग अगदी हळू, "खारीची वाटी मी आधी काढून ठेवते की वो. रोज. मोरचूद टाकायच्या आधी."

रोज तिचं ते वाटी काढणं मी बघत होतो. मला ती वाटी म्हणजे तिचा हक्क गाजवणं वाटायचं.

मला त्यांच्याच खोलीत, मागाशेजारी निजवलं. दूध पाजलं, ओकवलं, पुन्हा दूध पाजलं. सौभाग्यवती उशाशी बसून डोळे पुसत होती आणि मधेच तोंडाला पदर लावत होती. पदराआड रडं होतं की हसू, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. राजय्या बाहेर तुटलेला एकेक धागा सांधत होता. आत येऊन त्यानं एकदाच माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "जिवंत हाय न्हवं? मग झालं." आणि पुन्हा धागे सांधायला गेला.

दुपारी पोट जरा निवलं तशी नरसम्मानं पातळ पेज केली. बिनमोरचुदाची, हे तिनं मला दोनदा सांगितलं. चमच्यानं भरवत तिनं विचारलं, कशाला केलं असं. खोटं बोलायला अंगात त्राण नव्हतं.

"माझ्या हातचं ती खात नाही," मी म्हटलं. "तुमच्या हातचं खाते. मला बघवत नाही."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. चमचा वाटीत ठेवून म्हणाली, "तुमची चप्पल गल्लीत वाजली की हिची शेपूट हलती. मी दीस-दीसभर मांडीवर घेऊन बसते, एक दिवस माझ्यासाठी हलली न्हाय. माझ्याकडं नुसतं पोट हाय मास्तर. शेपूट तुमच्याकडं."

आजारी माणसाची समजूत काढायला लोक काहीही बोलतात. मी नाही विश्वास ठेवला. तिनं कुंचीला टोपलीतून उचलून माझ्या छातीवर ठेवलं. कुंची सरकत सरकत, मागचे पाय ओढत, गळ्यापर्यंत आली. माझ्या मिशीवर पेज सांडली होती. तिनं दोन्ही पंजांनी माझा वरचा ओठ धरला आणि मिशी चाटायला लागली. एका बाजूची संपवली, मग दुसऱ्या बाजूची. मी श्वास धरून पडलो होतो. तिचं पोट माझ्या गळ्याशी धडधडत होतं.

तेव्हा खाल्लं तिनं माझ्याकडून. हे मी कुणालाही सांगू शकतो. फक्त मिशी माझी होती आणि पेज नरसम्माची, एवढं सांगायचं टाळतो.

शिवरात्र जवळ आली होती, थंडी पातळ झाली होती. एका दुपारी मी फळ्यावर मडक्याची छाया दाखवत होतो आणि वर्गाच्या दारात राजय्या येऊन उभा राहिला. केसांत, भुवयांवर सुताचे तंतू. चालत्या मागावरून उठून तो कुठं गेलेला मी कधी पाहिला नव्हता. "मास्तर, चला," एवढंच म्हणाला. पोचलो तेव्हा कुंची नरसम्माच्या मांडीवर होती, आणि सगळं होऊन गेलं होतं. नरसम्मा रडत होती. मला रडू यायच्या आधी जो विचार आला तो लिहून टाकतो. एवढं सगळं सांगितल्यावर लपवायचं कशाला? मला वाटलं, शेवटीसुद्धा हिच्याच मांडीवर.

लिंबाखाली, जिथं सापडली तिथंच तिला ठेवली. एवढी एक गोष्ट मी भांडून मिळवली, आणि भांडणात समोरून कुणी भांडलं नाही. शेपटी कापायचं कुणाच्या मनातही आलं नाही. टोपलीतलं सुताचं घरटं नरसम्मानं बरोबर दिलं.

मग पंधरवड्यानं ती एक घडी घेऊन आली. उपरणं. मी ज्या ताण्यावर पडलो होतो त्यातलं. बोट फिरवलं की मध्यावर हातभर पट्ट्यात गाठीच गाठी लागतात. तिथं माझं पोट आदळलं होतं. "हे बाजारात कोण घेतंय?" ती म्हणाली. "तुमच्याच पोटाचा माल. घाला तुमीच."

थंडीत मी ते रोज खांद्यावर घेतो. परवा पांजणी बघत ओट्यावर उभा होतो तेव्हाही होतं. गाठींच्या पट्ट्यात, सांधलेल्या दोन धाग्यांच्या मधे, एक केस विणला गेला आहे. करडा. दोन्ही टोकं विणीत गेलेली, मधला बोटभर तेवढा दिसतो. कुंचीची टोपली मागाला लागूनच असायची, तेव्हा तिचा असेल. नरसम्माचं डोकंही त्या वर्षी पिकायला लागलं होतं, आणि सांधायला तीही वाकून बसली होती, तेव्हा तिचाही असेल.

ओळखणं अवघड नाही. खारीच्या केसावर काळे-पिवळे पट्टे असतात, बाईच्या केसावर नसतात. भिंगाखाली धरलं की एका क्षणात कळेल. भिंग माझ्या टेबलावरच आहे, रंगांच्या बश्यांशेजारी. मी ते रोज पुसून ठेवतो, आणि उपरणं त्याच्यापासून लांब, दुसऱ्या खुंटीवर टांगतो.